दानपेटीला नाव नसते, म्हणून हिशेबही नसावा?



आमच्या मंचरवरून, पुणे-नाशिक महामार्गाने, रोज शिर्डीच्या गाड्या जातात. भक्तांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न दानपेटीतल्या पैशाचा आहे.

साईबाबा संस्थानला २०१५-१६ या कर आकारणी वर्षात सुमारे २२८ कोटींचे दान मिळाले. त्यातले सुमारे १५९ कोटी दानपेटीतले, निनावी. कायद्याप्रमाणे केवळ धर्मादाय संस्थेच्या निनावी दानावर ३० टक्के कर लागतो. धार्मिक संस्थेला सूट. आयकर खात्याचे म्हणणे होते, की संस्थानाकडे धर्मादाय संस्थेचे ८०-जी प्रमाणपत्र आहे आणि धार्मिक कामावरचा खर्च अगदी किरकोळ आहे, मग कर भरा. संस्थान म्हणाले, आम्ही धार्मिकही आणि धर्मादायही. पुढच्या वर्षांच्या आकारणीतही हाच वाद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थानाचे म्हणणे मान्य केले. एका वर्षाचाच वाचलेला कर चाळीस कोटींहून अधिक!

न्यायालयाने कायद्यात आहे तेच सांगितले. पण सरकार जो कर सोडते, तो जनतेचाच पैसा असतो. मग त्याचा विनियोग कोण ठरवतो? २००४ च्या कायद्यानुसार संस्थानाची समिती राज्य सरकार नेमते. २०१८ मध्ये त्याच सरकारने निळवंडे कालव्यांसाठी संस्थानाकडून ५०० कोटींचे बिनव्याजी कर्ज मंजूर करून घेतले. देणारा सरकारनेच नेमलेला, घेणारे सरकार! दुष्काळी शेताला पाणी मिळालेच पाहिजे, पण ते अर्थसंकल्पातून. रुग्णालय, प्रसादालय ही संस्थानाची कामे चांगलीच आहेत. पण चांगले काम म्हणजे हिशेबातून सुटका नव्हे.

इकडे आमचे पोर शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला घेऊन महिनोन्‌महिने खेटे घालते. गरिबाने प्रत्येक रुपयाचे नाव-गाव सांगायचे आणि कोट्यवधींना नावच नको, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडले होते, की पुरोहित परीक्षा घेऊन नेमावा आणि तो राज्याचा नोकर असावा. धर्माच्या नावावरची सत्ताही कायद्याखाली यावी, हा त्याचा गाभा.

म्हणून मागणी साधी आहे: कर सवलत घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या संस्थानाने जमा-खर्च दरवर्षी मराठीत, बाबवार जाहीर करावा. सवलतीचा ठरावीक वाटा वंचित मुलांच्या शिक्षणाला द्यावा.

आणि सुरुवात आपल्यापासून. विहार समिती असो वा जयंती मंडळ, वर्गणीचा हिशेब फलकावर लावा. मगच शिर्डीला हिशेब विचारताना आपला आवाज खणखणीत निघेल.

जयभीम! नमो बुद्धाय!