फ्लेक्सवर एआय, लॅबला कुलूप

बारावीचा निकाल लागला की आमच्या एसटी स्टँडसमोरचे फ्लेक्स बदलतात. वाढदिवसाचे उतरतात, कॉलेजांचे चढतात. यंदा सहज मोजले. सात फ्लेक्स, आणि सातही फ्लेक्सवर 'एआय'. एकावर तर रोबोटचा एवढा मोठा फोटो, की हाच आत बसून पोरांची हजेरी घेतो की काय असं वाटावं.

मी गेली वीस वर्षं याच तालुक्यात नेटवर्किंगची कामं करतो. पतसंस्था, दवाखाने, शाळा, मंगल कार्यालयं. केबल ओढायची, स्विच बसवायचे, कॅमेरे लावायचे, बंद पडलं की रात्री अकराला जायचं. शिक्षण बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स), तेव्हाचं पुणे विद्यापीठ. म्हणजे मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, पण या शिक्षणावरच माझं घर चालतं. त्यामुळे चार शब्द बोलायचा हक्क आहे, आणि आज बोलणार आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

मागच्या महिन्यात मला दोन माणसं हवी होती. नऊ जण आले. सगळे कॉम्प्युटरचे पदवीधर किंवा शेवटच्या वर्षाचे. कुणी बीसीए, कुणी बी.एस्सी., एक जण इंजिनिअर. मार्कशीट बघितल्या, कुणालाच साठ टक्क्यांच्या खाली नाही. मी प्रश्न विचारले नाहीत. टेबलावर तीन कामं ठेवली.

पहिलं : नेटवर्कच्या केबलला कनेक्टर लावा. आठ वायरी, ठरलेला क्रम. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोघांना आला. बाकीच्यांनी क्रिंपिंग टूल हातात घेऊन 'सर, हे कुठून दाबायचं?' असं विचारलं.

दुसरं : पाच व्होल्टच्या सप्लायवर लाल एलईडी पेटवा. रेझिस्टरचा डबा शेजारीच ठेवला होता. एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो, उरले तीन, पंधरा मिलिअँपियरने भागा, दोनशे ओहम. शाळेतला ओहमचा नियम. चौघांनी एलईडी थेट सप्लायला लावून जाळला.

तिसरं : मी राउटरवरचं डीएचसीपी बंद करून ठेवलं होतं आणि सांगितलं, 'या कॉम्प्युटरवर नेट चालत नाही, का ते शोधा.' आयपी बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता दिसला म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, मशीनने स्वतःच स्वतःला दिलाय. दोन मिनिटांचं काम. नऊपैकी आठ जणांनी तो आकडा बघितला, पण वाचला नाही. तिघं म्हणाले, 'सर, विंडोज परत टाकावी लागेल.'

एका मुलीने शोधलं. कसं शोधलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, 'आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बाबा सांगतात, आधी सप्लाय कुठपर्यंत येतोय ते बघ, मग मोटार उघड.' तिला त्याच दिवशी घेतलं. पण लक्षात घ्या, हे तिला बाबांनी शिकवलं. कॉलेजने नाही. कॉलेजने तिच्याकडून तीन वर्षांची फी घेतली.

आता ही पोरं मठ्ठ आहेत का? अजिबात नाही. त्यातल्या एकाला मी केबल एकदा दाखवली, दुसरी त्याने माझ्यापेक्षा नीट केली. यांच्या हाताला तीन वर्षांत काही लागूच दिलं नाही, हा खरा गुन्हा आहे.

आमच्या वेळी एफ.वाय.ला चार विषय होते : कॉम्प्युटर सायन्स, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. इलेक्ट्रॉनिक्सला आम्ही शिव्या द्यायचो. 'प्रोग्रॅमर व्हायचंय, ब्रेडबोर्ड कशाला?' पण ७४८६ आणि ७४०८ अशा दोन आयसी लावून हाफ ॲडर केला आणि एक अधिक एक केल्यावर कॅरीचा दिवा पेटला, तेव्हा कळलं की बेरीज ही कॉम्प्युटरच्या आत खरोखर कुठेतरी, तारांमध्ये घडते. ज्याने हा अभ्यासक्रम आखला तो शहाणा माणूस होता. कॉम्प्युटिंग, इलेक्ट्रॉनिक्स आणि नेटवर्किंग हे एकाच गाईचे पाय आहेत हे त्याला माहीत होतं.

आज बहुतेक ठिकाणी काय चालतं ते सांगतो. प्रॅक्टिकलची बॅच पंचवीसची, चालू टेबलं तीन. रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायची. प्रोग्रॅमिंगला निळ्या स्क्रीनचं टर्बो सी, जे आज क्वचितच कुठली कंपनी वापरत असेल. नेटवर्किंग म्हणजे फळ्यावर सबनेटची गणितं आणि ओएसआयचे सात थर पाठ. सात थर घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मी विचारतो, गेटवे पिंग होतोय, ८.८.८.८ पिंग होतोय, पण वेबसाइट उघडत नाही, तर बिघाड कुठे? गप्प. अरे, डीएनएस! पत्ता चालतोय, नाव चालत नाही. थर पाठ आहेत, बिघाड ओळखता येत नाही.

आणि अशा लॅबवर बोर्ड लागतो : 'एआय अँड डेटा सायन्स'.

ही बोर्डाची गंमत सरकारी पातळीवरही बघा. २०२४ मध्ये एआयसीटीईने बीसीए, बीबीए आणि बीएमएस आपल्या कक्षेत घेतले. राज्यात त्यांना सीईटी आली. पहिल्याच वर्षी जागा रिकाम्या राहायला लागल्या, पुन्हा जादा सीईटी घ्यावी लागली. मग काही कॉलेजांनी काय केलं? कोर्सचं नाव बदललं. नावात ते तीन शब्द नाहीत म्हणजे सीईटी नाही. वर्ग तोच, बाक तेच. त्याच वर्षी इंजिनिअरिंगमध्ये, चांगल्या गणलेल्या संस्थांच्या जागांवरची कमाल मर्यादाही काढून टाकली. वाढल्या कुठल्या जागा? कॉम्प्युटर आणि त्याच्या नावाला एआय जोडलेल्या शाखांच्या. कारण उघड आहे. मेकॅनिकलला लेथ लागतं, इलेक्ट्रॉनिक्सला टेबलं लागतात. कॉम्प्युटरला एक खोली आणि साठ खुर्च्या पुरतात, असा यांचा समज.

कुणी म्हणेल, जग एआयकडे चाललंय, तुम्ही अजून केबल धरून बसलात. जाऊ द्या की जग. पण एआय म्हणजे मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स. ते शिकवायला कायम माणूस आहे का तुमच्याकडे? एआय चालतं ते हजारो चिपवर, आणि त्या चिप एकमेकींशी बोलतात नेटवर्कवरून. म्हणजे फिरून पुन्हा तेच तीन पाय.

जास्त लांब जाऊ नका. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण, की तो आधी इलेक्ट्रॉनिक्सने वाढवावा लागतो. मग ऑप्टिकल फायबरवरून तो मधल्या इमारतीत आणावा लागतो. आणि तिथे कॉम्प्युटर तीसही अँटेनांचे सिग्नल जुळवून चित्र काढतात. तिन्हीतलं एक काढा, बाकीचं भंगार. टोमॅटोच्या शेतांच्या शेजारी उभं राहिलेलं हे काम जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. आपली पोरं तिथे विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला जातात, सेल्फी काढतात आणि परत येऊन जर्नल उतरवतात.

आता पालकांकडे येतो, कारण दोष फक्त कॉलेजचा नाही.

माझ्या भाच्याची ॲडमिशन घ्यायची आहे. दाजी एका कॉलेजात टोकन भरून आले. मी विचारलं, 'दाजी, लॅब बघितली का?' म्हणाले, 'लॅब काय बघायची? एसी आहे, प्रत्येकाला कॉम्प्युटर आहे.' म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्सची? तर म्हणाले, 'आपल्याला पोराला वायरमन करायचा नाही.'

हे वाक्य मला झोंबलं. माझं पोट त्याच वायरींवर आहे आणि ताईच्या लग्नाचं कर्जही मी त्यातूनच फेडलंय, पण म्हणून नाही. झोंबलं ते यासाठी, की हातांनी काम करणारा तो खालचा, हे आपल्या डोक्यातून जात नाही. हाताला काळं लागलं की शिक्षण वाया गेलं, ही आपली जुनी खोड. कॉलेजवाल्यांनी ती बरोबर ओळखली आणि तिच्यावरच दुकान टाकलं. स्क्रू ड्रायव्हर नको, स्लाइड हवी. लॅब नको, एसी हवा.

शिक्षकांना मी यात ओढणार नाही. हे कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. शिकवणारा सीएचबीवर, तासाच्या हिशोबाने, ते पैसेही महिनोन्महिने थकलेले. माझ्याकडे सुट्टीत कॅमेरे बसवायला येणारा एक जण एका कॉलेजात नेटवर्किंग शिकवतो. फार उत्तम शिकवतो. पण त्याने दोन स्विच मागितले तर 'पुढच्या वर्षी बघू', आणि ॲडमिशनची पत्रकं गावोगाव वाटायला मात्र त्यालाच पाठवलं.

माझाही एक गुन्हा सांगतो, म्हणजे हिशोब बरोबर होईल. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलं. कल्पना चांगली. पण पोरं येतात आणि म्हणतात, 'सर, यायला जमणार नाही, फक्त सर्टिफिकेट द्या.' ओळखीतल्या एकाला मी सही करून दिली. त्या नऊ जणांत तो होता. टूल कुठून दाबायचं हे विचारणाऱ्यांत तोही होता. त्या दिवसापासून सही बंद. येणार असेल त्याला शिकवीन, वर प्रवासाचे पैसेही देईन.

पैसे नाहीत हे कारण कृपया सांगू नका. साधा मल्टिमीटर तीनचारशेला, ब्रेडबोर्ड शंभराला, ईएसपी३२ चा बोर्ड पाचशेच्या आसपास. हजार रुपयांत एक टेबल, दहा हजारांत दहा टेबलं. वर केबलचं एक ३०५ मीटरचं खोकं, काही क्रिंपिंग टूल, दोनचार जुने स्विच. सात फ्लेक्स छापणाऱ्यांना हे जड नाही.

तेव्हा पालकहो, टोकन भरण्याआधी पाच गोष्टी विचारा :

१. लॅब उघडून दाखवा. आत्ता. चावी कुणाकडे आहे हे शोधायला अर्धा तास लागला तर उत्तर मिळालं.

२. एका बॅचला मुलं किती, आणि चालू टेबलं किती?

३. कायम शिक्षक किती, तासावरचे किती?

४. पदवीवर नेमकं काय नाव छापून येणार? फ्लेक्सवरचं नाही, विद्यापीठाच्या कागदावरचं. मान्यता कुणाची, शिष्यवृत्ती लागू आहे का?

५. मागच्या वर्षी पास झालेल्या तीन मुलांशी बोलणं करून द्या. पॅकेजचा फोटो नको, मुलगा हवा.

आणि पोरांनो, कॉलेज देत नाही म्हणून थांबू नका. एनपीटीईलचे आणि स्वयंमचे कोर्स फुकट बघता येतात. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, त्यात घरबसल्या अख्खं नेटवर्क उभं करता येतं. मल्टिमीटर वडिलांकडे मागा, मोबाइलच्या कव्हरएवढ्या पैशात येतो.

कॉलेजवाल्यांनाही एक जाहीर विनंती. ॲडमिशन बंद व्हायच्या आधी एक शनिवार पालकांसाठी लॅब उघडी ठेवा. केबल, कनेक्टर आणि टूल मी आणतो, माझ्या खर्चाने. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही पाच पोरांनी पालकांसमोर ती केबल करून दाखवावी. दाखवली तर याच ठिकाणी, तुमच्या कॉलेजच्या नावानिशी, कौतुकाची पोस्ट टाकीन.

बघू, सातापैकी किती जण फोन करतात. दाजींना घेऊन मी येणारच आहे.