ट्रेनिंगमध्ये 'चक दे' दाखवला, टाळ्या पडल्या. पण सिनेमा पाहून कुणी काही शिकतं का?

हॉटेलचा हॉल, जेवणानंतरचं सेशन. अर्धे लोक मोबाइलमध्ये, उरलेले पेंगतायत. ट्रेनर दिवे घालवायला सांगतो आणि पडद्यावर शाहरुख खान येतो. 'चक दे! इंडिया'मधलं सत्तर मिनिटांचं भाषण. टाळ्या पडतात, मागून कुणीतरी शिट्टीही मारतं. मग 'टीमवर्क' लिहिलेली स्लाइड, फीडबॅक फॉर्म, चहा, आणि सगळे घरी.

ऑफिसात काम करणाऱ्या अनेकांनी हा प्रसंग या ना त्या रूपात अनुभवलेला असतो. कुठे 'चक दे' असतो, कुठे 'लगान', मॅनेजमेंट कॉलेजात 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. सिनेमा दाखवला की लोक जागे राहतात, एवढं तर खरंच. पण सोमवारी कामावर आल्यावर त्यातलं काय उरतं? या प्रश्नावर गेली ऐंशी वर्षं संशोधन होतंय आणि त्याची उत्तरं बऱ्याच कंपन्यांना सोयीची नाहीत.

सुरुवात झाली युद्धात

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अल्पावधीत लाखो लोकांना नवी कामं शिकवायची होती. १९४२ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीसाठी एक छोटी फिल्म केली. विषय काय, तर विमानाच्या पत्र्याला रिव्हेट कसे मारायचे. मिकी माऊसवाल्यांनी रिव्हेटवर फिल्म काढली!

त्याच काळात हॉलिवूडचा नावाजलेला दिग्दर्शक फ्रँक काप्रा याच्याकडे वेगळं काम आलं. सैनिकांना आपण का लढतोय हे पटवून द्यायचं. त्यातून 'व्हाय वुई फाइट' ही सात चित्रपटांची मालिका तयार झाली.

कार्ल हॉवलंड आणि त्याचे मानसशास्त्रज्ञ सहकारी यांनी या फिल्म्सचा परिणाम मोजला. निष्कर्ष १९४९ मध्ये पुस्तकरूपात आले. सैनिकांना माहिती चांगली लक्षात राहिली होती. काही मुद्द्यांवर त्यांची मतंही थोडी हलली. पण ज्यासाठी हा खटाटोप केला, त्या लढण्याच्या इच्छेत जवळपास काहीच फरक पडला नाही.

म्हणजे काप्रासारख्या माणसाने केलेला सिनेमाही माहिती देऊन थांबला, उमेद वाढवू शकला नाही. आणि आजही ट्रेनिंगमध्ये सिनेमा बहुतेक वेळा 'मोटिव्हेशन'साठीच लावला जातो.

हसवून शिकवणारी कंपनी

सिनेमा वापरण्याची वेगळी वाट ब्रिटनमध्ये सापडली. 'माँटी पायथन'मधला विनोदी नट जॉन क्लीज आणि बीबीसीत काम केलेला लेखक अँटनी जे यांनी काही सहकाऱ्यांबरोबर १९७२ मध्ये 'व्हिडिओ आर्ट्स' ही कंपनी काढली. काम एकच, कंपन्यांसाठी ट्रेनिंग फिल्म्स बनवणं.

त्यांची १९७६ ची 'मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज' खूप गाजली. मीटिंगमध्ये सगळ्यांचा वेळ घालवणाऱ्या एका मॅनेजरला स्वप्न पडतं. स्वप्नात तो कोर्टात उभा आहे आणि मीटिंगची तयारी न करणं, विषय भरकटू देणं अशा गुन्ह्यांचा खटला त्याच्यावर चाललाय. बघणारा आधी स्वतःच्या बॉसला आठवून हसतो आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं की आपणही हेच करतो. आदर्श बॉस दाखवण्यापेक्षा चुकणारा बॉस दाखवला, हीच यातली युक्ती.

याच अँटनी जेने पुढे जोनाथन लिनसोबत 'येस मिनिस्टर' लिहिली. तिची हिंदी आवृत्ती म्हणजे फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी'. सरकारी फाइल का हलत नाही हे समजून घ्यायला या मालिकेइतकं चांगलं क्रमिक पुस्तक सापडणं कठीण आहे.

सिनेमा लक्षात राहतो, हीच अडचण

२००९ मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू बटलर, हेन्री रोडिगर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इतिहासाचे उतारे वाचायला दिले आणि त्याच विषयावरच्या लोकप्रिय सिनेमांतले तुकडे दाखवले. उतारा आणि सिनेमा जुळत होते, तेव्हा विद्यार्थ्यांना उतारा सुमारे ५० टक्के जास्त आठवला. शिक्षकांनी खुश व्हावं असाच आकडा.

जिथे दोन्ही जुळत नव्हते, तिथे मात्र वेगळंच घडलं. बरोबर माहिती समोर छापलेली असूनही काही बाबतींत निम्म्यापर्यंत वेळा विद्यार्थ्यांनी सिनेमातली चुकीची गोष्टच खरी म्हणून सांगितली. उदाहरणार्थ, 'द लास्ट सामुराई'मध्ये जपानी सैन्याला शिकवायला अमेरिकन अधिकारी येतो. उताऱ्यात मात्र फ्रेंच अधिकाऱ्यांचा उल्लेख होता. 'सिनेमात चुका असू शकतात' अशी मोघम सूचना देऊन फायदा झाला नाही. नेमकी कोणती गोष्ट चुकीची आहे हे आधी सांगितलं, तेव्हाच फरक पडला.

हे आपल्याकडच्या ट्रेनिंग हॉलला लावून बघू. 'चक दे'मधल्या मुली वर्ल्ड कप जिंकतात. प्रत्यक्षात भारतीय महिला हॉकी संघाने वर्ल्ड कप कधीच जिंकलेला नाही. सिनेमामागची प्रेरणा २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्णपदक होती. तेही यश मोठंच, पण ते एका भाषणाने मिळालेलं नव्हतं.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' तर मॅनेजमेंटच्या वर्गात ठाण मांडून बसलेला सिनेमा. १९५७ सालचा, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. बारा ज्युरी सदस्य, अकरा म्हणतात मुलगा दोषी, एकटा हेन्री फोंडा म्हणतो थांबा, आधी बोलूया. बासु चॅटर्जींनी १९८६ मध्ये त्यावर 'एक रुका हुआ फैसला' केला. गटाचा दबाव, एकट्याने वेगळं मत मांडणं, वाटाघाटी हे विषय शिकवायला तो खरोखर उत्तम आहे. गंमत अशी की हिंदी सिनेमा आला तेव्हा भारतातल्या फौजदारी खटल्यांतून ज्युरी पद्धत कधीच गेलेली होती. मुंबईतला गाजलेला नानावटी खटला हा ज्युरीसमोर चाललेल्या शेवटच्या काही खटल्यांपैकी एक. ट्रेनरने हे सांगितलं नाही, तर समोरचा विशीतला मुलगा भारतात आजही ज्युरी बसते असं समजून घरी जाऊ शकतो.

याहून मोठी गफलत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी दाखवून दिली. २०१० मध्ये फोर्डहॅम विद्यापीठाच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या की या सिनेमाने आपल्याला कायद्याकडे ओढलं. पण खालच्या कोर्टात असताना त्या ज्युरींना त्या सिनेमातल्यासारखं वागू नका, असं बजावत. कारण फोंडाचं पात्र स्वतः बाजारात जाऊन खुनातल्या सुऱ्यासारखाच सुरा विकत आणतं. वर्गात त्याला 'पुढाकार' म्हणतात. खऱ्या ज्युरीसाठी तो नियमभंग आहे. हाच प्रसंग दाखवून 'नियम मोडून बरोबर निकाल लागला, तर चालतं का?' असा प्रश्न विचारला, तर ऑडिट किंवा खरेदी विभागातल्या लोकांना तासभर बोलायला पुरेल.

कोणता तुकडा दाखवायचा?

'लगान'चंच घ्या. ट्रेनिंगसाठी हमखास निवडला जाणारा प्रसंग म्हणजे गावाचा विरोध पत्करून भुवन कचराला टीममध्ये घेतो तो. डोळ्यांत पाणी आणणारा आहे, वाद नाही. पण कामाचा प्रसंग त्यानंतरचा आहे. प्रत्यक्ष सामन्यात कचराचा चेंडू वळतच नाही. सराव जुन्या चेंडूवर झालेला आणि सामना नव्या चेंडूने सुरू झालेला. दुसऱ्या दिवशी तोच कचरा हॅटट्रिक घेतो. माणूस तोच, कौशल्य तेच, मग आधी का जमलं नाही? नव्या माणसाला घेतलं आणि तीन महिन्यांत 'हा कामाचा नाही' म्हणून काढलं, असं करणाऱ्या मॅनेजरला हा प्रसंग दाखवायला हवा. पण यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, म्हणून तो सहसा निवडला जात नाही.

मराठी सिनेमा तर या यादीत जवळपास दिसतच नाही. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) हा माहिती कुणाकडे आहे आणि ती कोण कधी वापरतो, याचा दोन तासांचा वर्ग आहे. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चे नायक दादासाहेब फाळके यांनी पैसे उभे करण्यासाठी वाटाण्याचं रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली होती. स्टार्टअपवाले ज्याला डेमो म्हणतात, तो फाळक्यांनी १९१२ च्या सुमाराला दिला. चाकण किंवा सातपूरच्या कारखान्यात मराठी बोलणारे सुपरवायझर समोर बसलेले असताना इंग्रजी क्लिपच्या सबटायटल्सशी झटापट कशासाठी, हे कळत नाही.

मग उपयोग कधी होतो?

१९७९ मध्ये गॅरी लॅथम आणि लीझ सारी यांनी एका कंपनीतल्या ४० सुपरवायझरांवर अभ्यास केला. २० जणांना नऊ आठवडे, आठवड्यातून दोन तास ट्रेनिंग दिलं. दर वेळी एक छोटी फिल्म, विषय अगदी रोजचे. सतत दांडी मारणाऱ्याशी कसं बोलायचं, तक्रार घेऊन आलेल्याचं कसं ऐकायचं. फिल्म संपली की चर्चा. मग प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातला खरा प्रसंग घेऊन तो करून दाखवायचा आणि इतरांनी काय जमलं, काय नाही ते सांगायचं. पुढच्या आठवड्यात येताना ते कामावर वापरून यायचं.

वर्षभरानंतरही या २० जणांचं काम ट्रेनिंग न मिळालेल्या २० जणांपेक्षा सरस ठरलं. फिल्ममधले मुद्दे नुसते कागदावर हातात देऊनही पाहिलं, त्याने तेवढं साधलं नाही. या दोन तासांत फिल्मचा वाटा छोटा होता. बाकीचा वेळ लोक स्वतः बोलत आणि करून बघत होते. आपल्याकडच्या सेशनमध्ये हे गणित नेमकं उलटं असतं. कारण उघड आहे. क्लिप फुकटात मिळते, नऊ आठवडे काढायला पैसे आणि वेळ लागतो.

क्लिप फुकट मिळते हेही अर्धसत्यच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ ने शिक्षणसंस्थेत विद्यार्थी आणि शिक्षकांपुरता सिनेमा दाखवायला सूट दिलीय. कंपनीचा हॉल त्यात सरळ बसत नाही. नेटफ्लिक्सचं खातंही त्यांच्या अटींनुसार वैयक्तिक वापरासाठीच असतं.

जिथे व्हिडिओवर भागवणं महागात पडतं

'टीमवर्क'चं सेशन वाया गेलं तर फार तर एक दुपार जाते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं, म्हणजे 'पॉश'चं तसं नाही. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घेणं कलम १९ नुसार मालकावर बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी हे काम लिंकवर भागतं. व्हिडिओ सुरू करायचा, आवाज बंद करून दुसऱ्या विंडोत काम करायचं, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट.

या व्हिडिओची स्पर्धा कुणाशी आहे तेही बघा. कायदा ज्या वर्षी आला, त्याच २०१३ मध्ये 'रांझणा' आला. मुलीचा पिच्छा पुरवणं म्हणजे प्रेम असं दाखवल्याची टीका त्यावर झाली. असे सिनेमे बघत मोठ्या झालेल्या माणसाला वीस मिनिटांचं अॅनिमेशन काय सांगणार? त्यापेक्षा अशाच सिनेमातला एखादा प्रसंग लावून 'हे आपल्या ऑफिसात घडलं तर?' असं विचारलं, तर निदान बोलणं तरी सुरू होईल.

गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉशच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचं म्हटलं आणि समित्यांच्या सदस्यांना प्रशिक्षण देण्याचेही निर्देश दिले. जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात अशा तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून जास्त रखडल्या हे द्यावं लागतं. पॉशच्या वार्षिक अहवालात कार्यशाळा किती घेतल्या तो आकडाही असतो. त्या कार्यशाळेत कुणी बोललं की सगळ्यांनी व्हिडिओच पाहिला, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही.

तयार व्हिडिओला तुमचं ऑफिसही माहीत नसतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि ती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावावा लागतो. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने, योग्य कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. पुढच्या वेळी क्लिप संपून दिवे लागले की समितीत कोण कोण आहे आणि तो आदेश कुठे लावलाय, एवढं ट्रेनरला विचारता येईल.