‘अतिशय’ म्हणजे नुसते ‘फार’ नव्हे

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच घराण्यातील पहिल्या अमोघवर्षाचे (सुमारे इ. स. ८१४–८७८) एक बिरुद होते ‘अतिशयधवल’.

त्याचा अर्थ ‘फार पांढरा’ असा लावणे चूक ठरेल. संस्कृतात ‘अति’ उपसर्ग लागलेला ‘शी’ धातू इतरांवर मात करणे, वरचढ ठरणे हा अर्थ देतो. आणि काव्यसंकेतानुसार यशाचा रंग शुभ्र. ज्याच्या यशापुढे इतरांचे यश फिके पडते, तो अतिशयधवल.

मराठीत ‘अतिशय’चा अर्थ ‘फार’ एवढाच उरला. त्यातला प्रतिस्पर्धी लोपला. बिरुद हा पुरावा नव्हे, दावा असतो. म्हणून ते वाचताना ‘कोणापेक्षा?’ हे विचारावेच लागते.