रोबोट मुलांचा, हात कुणाचे?



पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगते, यात पहिली चूक माझीच आहे.

माझी मुलगी पाचवीत असताना शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये होती. सहा मुलं, एक किट, एक लॅपटॉप आणि कोच म्हणून मी. स्पर्धेच्या आदल्या रात्री रोबोट आमच्या घरी होता. एका वळणावर तो रोज थोडा जास्त फिरायचा आणि पुढचं सगळं चुकायचं. मुलं आठवडाभर त्यावर अडली होती. लेक झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला, कोडमध्ये ९० अंश लिहिले होते तिथे ८३ केले. दोनदा चालवून पाहिलं. बरोबर वळला. मीही समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी मुलांना कोड दाखवायला सांगितलं. कोच म्हणून मला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "काटकोनात वळायचं आहे, मग इथे ८३ का?" माझ्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो ८३ तिने त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला होता.

घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "आई, आम्हाला जमलं असतं ना?"

याला मी काय उत्तर देणार होते?

म्हणून हा विषय. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता शाळेत कुठलं ना कुठलं किट हाताळतात. अमेरिकेत बहुतेक वेळा लेगोचं, ब्रिटनमध्ये मायक्रोबिट, आखातातल्या शाळांमध्येही रोबोटिक्सचे तास असतात. आणि आपण आयटीवाले आईबाबा मदतीला तत्पर असतो. माझं म्हणणं सरळ आहे: या एका विषयात आपली मदतच मुलांचं सर्वात जास्त नुकसान करते. कारण या किटमधून जे शिकायचं असतं, ते नेमकं बिघाडातच असतं. बिघाड आपण काढून टाकला, तर हातात उरतं महागडं खेळणं.

जरा तपशिलात सांगते, नाहीतर हे नुसतं प्रवचन वाटेल.

लेगोच्या स्पाइक प्राइम किटचं साधं चाक घ्या. व्यास ५.६ सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण साडेसतरा. शिक्षक सांगतात, रोबोटला ७० सेंटिमीटर पुढे न्या. चौथी-पाचवीतली मुलं आधी अंदाजाने आकडे टाकतात. दोन फेरे, कमी पडले. पाच फेरे, टेबलावरून खाली! मग कुणीतरी पट्टी आणतं, चाकावर खूण करतं, एका फेऱ्यात किती अंतर जातं ते मोजतं. सत्तर भागिले साडेसतरा, चार. चार टाकले की रोबोट जवळजवळ बरोबर जागी थांबतो. वहीत हाच भागाकार शंभर वेळा केलेला असतो, पण तिथे उत्तर चुकलं की लाल फुली मिळते. इथे रोबोट भिंतीवर आपटतो, मुलं खोखो हसतात आणि परत मोजतात. फुलीला घाबरणारं मूल भिंतीला घाबरत नाही.

पुढे खरी मजा. काळ्या रेघेवरून चालणारा रोबोट. खाली तोंड केलेला रंगाचा सेन्सर जमिनीवरून परतणारा प्रकाश ० ते १०० मध्ये मोजतो. समजा काळ्यावर २० आला आणि पांढऱ्यावर ९०, तर मधला आकडा ५५. त्याच्या खाली आला तर एका बाजूला वळ, वर गेला तर दुसऱ्या बाजूला. रोबोट रेघेच्या कडेवरून डुलत डुलत निघतो. घरी दिव्याखाली मस्त चालतो आणि शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये नेला की भरकटतो. का? उजेड बदलला, आकडे बदलले. हे शोधून काढायला मुलांना दोन दिवस लागतात. आपल्याला दोन मिनिटं. आणि तिथेच आपले हात शिवशिवतात.

माझ्या त्या ८३ चंही तसंच. रोबोट वेगात वळत असतो. ९० वर थांब म्हटलं तरी लगेच थांबत नाही, आणखी थोडा सरकतो. धावत्या बसमध्ये ब्रेक लागल्यावर आपण पुढे जातो, तसंच. मी फक्त आकडा बदलून ते झाकलं. मुलांनी शोधलं असतं, तर कदाचित वळण्याचा वेगच कमी केला असता, आणि तो उपाय माझ्या उपायापेक्षा चांगला आहे. माझा ८३ त्या एका वेगाला, त्या एका टेबलावर चालतो. बाकी कुठे नाही.

या किटच्या मागचा विचारही हाच आहे. सीमोर पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ जिनिव्हात पियाजे यांच्याबरोबर काम करून पुढे एमआयटीत आले. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. १९८० मध्ये त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आलं. लेगोने १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या रोबोट किटला नाव दिलं ते या पुस्तकावरूनच. त्यांचा मुद्दा असा की शाळेत उत्तर एकतर बरोबर असतं नाहीतर चूक. प्रोग्रॅम मात्र पहिल्या फटक्यात क्वचितच बरोबर चालतो, म्हणून विचारायचा प्रश्न "बरोबर की चूक?" नसून "हे दुरुस्त कसं करता येईल?" हा आहे. याच पुस्तकाच्या सुरुवातीला ते स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहितात. गाडीच्या दातेरी चाकांचं त्यांना वेड होतं आणि पुढे गणितातली समीकरणं त्यांना त्या चाकांमधून उमगली. ती चाकं त्यांना कुणी तास घेऊन शिकवली नव्हती.

आता आपल्याकडे या. मी पुण्यात शिकले. गाईड होतं, एकवीस अपेक्षित होतं, बोर्डाचे पेपर होते. चुकलं की मार्क गेले. आपल्या पिढीने त्याच वाटेने नोकरी, व्हिसा, घर मिळवलं, त्यामुळे चूक दिसली की आपल्याला ती पुसावीशीच वाटते. त्यात परदेशात राहतो म्हणून एक जादा धाकधूक. मुलाच्या कॉलेजच्या अर्जावर काय दिसेल? शेजारच्यांच्या टीमला चषक मिळाला, आपल्याला का नाही? मी कुणाला हसत नाही. त्या रात्री लॅपटॉप मी उघडला होता.

यावर तीन गोष्टी मला हमखास ऐकवल्या जातात.

एक: "बाकीचे पालक करतातच, मग आपलीच मुलं मागे का राहावीत?" करतात, खरंय. पण फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धेत रोबोटचा सामना अडीच मिनिटांचा असतो, आणि त्याशिवाय परीक्षक मुलांशी समोरासमोर बोलतात. हे का केलं, आधी काय चुकलं, मग काय बदललं, असं विचारतात. स्वतः चुकलेली मुलं तिथे बोलता बोलता थांबत नाहीत. आयतं मिळालेली गप्प होतात. हे मी अनुभवाने सांगते.

दोन: "शाळेत शिक्षकांना वेळच नसतो, आम्ही नाही तर कोण?" हा प्रश्न मला मान्य आहे. तीस मुलांच्या वर्गात एका बाईंना दहा-बारा रोबोट सांभाळायचे असतात. एकाचं ब्लूटूथ जोडलं जात नाही, दुसऱ्याची बॅटरी उतरलेली, तिसऱ्याचं अपडेट सुरू. तिथे आपण जरूर जावं. बॅटऱ्या चार्ज करा, सुटे भाग मोजून डब्यात लावा, अपडेट तासाच्या आधी करून ठेवा. ही सगळी हमाली आपली. विचार मुलांचा.

तीन: "पण ती रडकुंडीला येतात हो!" येतात. माझीही आली. दहा मिनिटं रडकुंडीला येणं आणि कायम "मला येत नाही, आई करेल" असं वाटणं, यातलं कुठलं वाईट?

मग करायचं काय? मी घरात एक नियम केलाय. रोबोटजवळ असताना माझे हात पाठीमागे. लॅपटॉपला शिवायचं नाही, माउस धरायचा नाही. तोंडाने फक्त तीन प्रश्न, आणि तेही मराठीत:

काय व्हायला हवं होतं?
प्रत्यक्षात काय झालं?
आता कुठली एकच गोष्ट बदलून बघशील?

तिसऱ्यातला "एकच" महत्त्वाचा. मुलं एका दमात चार आकडे बदलतात, मग सुधारलं तरी कशामुळे सुधारलं ते कळत नाही. आणि "रोबोटच खराब आहे" असं कुणी म्हणालं, तर मी "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणते. गंमत म्हणजे एकदा अंगण खरंच वाकडं निघालं. टेबलावरच्या मॅटला सुरकुती पडली होती आणि चाक तिथे दरवेळी अडखळत होतं. ती सुरकुती एका मुलाने गाल टेबलाला टेकवून, रोबोट जवळून जाताना पाहून शोधली. मी असते तर कोडमध्येच बघत बसले असते.

मराठीतच का, ते सांगते. आपल्या घरातलं मराठी हळूहळू जेवण, अंघोळ आणि ओरडा एवढ्यापुरतं उरतं. "जेवलास का", "बूट घाल", "फोन ठेव". विचार करायला मुलं इंग्रजीच वापरतात, कारण विचार करावा लागेल असं आपण त्यांच्याशी मराठीत काही बोलतच नाही. रोबोट समोर असला की वेगळे शब्द आपोआप येतात: घसरतंय, तिरकं जातंय, जरा अलीकडे थांब, रेघेच्या पलीकडे गेला, अर्धा फेरा कमी कर. आणि पूर्ण वाक्यं येतात. "जर काळं दिसलं तर उजवीकडे वळ, नाहीतर डावीकडे." दहा वर्षांच्या मुलाने स्वतःहून जर-तर लावून केलेलं हे मराठी वाक्य रविवारच्या मराठी शाळेत किती महिन्यांनी ऐकायला मिळतं? मूल इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे. प्रश्न मराठीत ठेवा. कोड तपासायची सवय आणि आपली भाषा, दोन्ही एकाच टेबलावर वाढतात.

शाळेकडे मात्र दोन गोष्टी जरूर विचारा. एका किटवर किती मुलं असतात? दोन असतील तर दोघंही काम करतात. पाच असतील तर तिघं बघे होतात. आणि लॅपटॉप कुणाकडे असतो, ठोकळे कुणाकडे? मी पाहिलेल्या वर्गांमध्ये पुष्कळदा मुलगे कोडवर बसतात आणि मुली पोस्टर रंगवतात. कुणी मुद्दाम करत नाही, होत जातं. दर वीस मिनिटांनी जागा बदलायच्या, एवढ्याने बराच फरक पडतो.

आणि "कुठलं किट घ्यावं?" म्हणून फार डोकं शिणवू नका. लेगोने माइंडस्टॉर्म्सची विक्री २०२२ अखेर बंद केली. वीस-पंचवीस वर्षं चाललेली मालिका संपली. आज शाळेत आहे तेही एक दिवस जाईल. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख मुलांना मायक्रोबिट फुकट वाटला गेला होता, तो लेगोच्या तुलनेत खूपच स्वस्त आहे आणि त्यावरही हेच सगळं शिकता येतं. किट जुनं होतं, ॲप बंद पडतं. "एकच गोष्ट बदलून बघ" ही सवय राहते.

पुढच्या वर्षी आमची टीम परत उतरली. मी पूर्ण वेळ हात मागे बांधून. सामन्यात आदल्या वर्षीपेक्षा कमी गुण मिळाले, एक वळण तर साफ फसलं. पण परीक्षकांनी "इथे वेग एवढा कमी का?" असं विचारल्यावर माझी मुलगी उठली, टेबलावर हाताने रोबोट वळवून दाखवला, वेगात किती पुढे जातो, हळू किती, सगळं सांगितलं. मध्ये तिच्या मैत्रिणीने तिला थांबवून दुरुस्तही केलं.

या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तुमच्या घरी कसं चालतं? तुम्हीही कधी रात्री लॅपटॉप उघडला असेल, तर खाली लिहा. इथे कुणी मार्क कापणार नाही.