हेड खोलण्याआधी टाकीचे झाकण बघा

रब्बीचे पाणी सुरू झाले की गावोगावी जुनी डिझेल इंजिने बाहेर निघतात. विहिरीवर वीज आली, २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतून सोलरही येऊ लागले. तरीही डीपी जळाली किंवा चार दिवस आभाळ भरून राहिले, की आठवण होते ती गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेल्या इंजिनाचीच. आणि नेमके तेव्हाच ते रुसते. हँडल मारून मारून खांदे भरून येतात. सुरू झालेच तर काळा धूर ओकते आणि पाणी निम्मेही देत नाही. मग मिस्त्री येतो, हेड खोलतो आणि सांगतो, "बोअर गेलाय, स्लीव्ह-पिस्टन टाका." नाहीतर भंगारवाला येतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो.

इकडे गहू थांबत नाही. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, त्या वेळचे पाणी चुकले तर पुढे कितीही पाणी द्या, फुटवा भरून येत नाही. म्हणून स्पष्ट सांगतो, इंजिन खोलण्याची घाई परवडणारी नाही. माझ्या पाहण्यातल्या पुष्कळ इंजिनांचे दुखणे बाहेरच्या बाहेर, पान्हा, चिंधी आणि तासाभराचा वेळ एवढ्यावर बरे होण्यासारखे होते. तपासणी मात्र क्रमाने हवी: आधी डिझेल, मग हवा, मग कॉम्प्रेशन आणि शेवटी पंप.

डिझेलची सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. झाकणाला बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालते, बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. अशाच एका इंजिनाला स्लीव्ह-पिस्टनचा सल्ला मिळालेला मी पाहिला आहे. काडीने छिद्र मोकळे केले आणि इंजिन दिवसभर चालले. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आणि गाळ सोडून द्या. फिल्टर बदला. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. इंजिनने एअर धरली असेल तर ती निघून जाते. नंतर डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवा. प्रत्येक फवाऱ्याला नोझलमधून 'कर्र' असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर दोष नोझलचा किंवा डिझेल पंपाचा. नोझल काढून फवारा बघायचा असेल तर त्यासमोर हात कधीही धरू नका. तो दाब कातडी भेदून आत जातो.

दुसरी हवा. एअर क्लीनरमधले तेल वर्षानुवर्षे तसेच राहून काळा चिखल झालेला असतो. सायलेन्सरमध्ये काजळी धरते, कधी कुंभारीण माशी मातीचे घर करते. इंजिनला श्वासच घेता आला नाही तर काळा धूर येणारच.

तिसरे कॉम्प्रेशन. खटका खाली सोडून चाक हाताने हळू फिरवा. दाबाला अडून चाक मागे उसळले तर कॉम्प्रेशन ठीक आहे. सहज फिरत गेले तर कान द्या. फुसफुस एअर क्लीनरकडून आली तर आतला व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर बाहेरचा, आणि खालच्या तेलाच्या पेटीतून आली तर रिंगा. टॅपेटमध्ये फट न उरल्यानेही व्हॉल्व्ह बसत नाही, तेव्हा आधी तिची फट बघा. एवढे केल्यावर मात्र मिस्त्रीला हेड खोलू द्यावे.

धूरही बोलतो. काळा असेल तर बोजा जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर तेल जळते आहे. पांढरा असेल तर डिझेल नीट पेटत नाही, किंवा आत पाणी शिरते आहे.

चौथा पंप. पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्टा उतरवून इंजिन एकटे चालवून बघा. तसे ते स्वच्छ चालले तर पंपाकडेही बघा. पानांनी भरलेला फूटव्हॉल्व्ह, अति आवळलेली ग्लँड, सक्शनला हवा ओढणारा सांधा, हे सगळे इंजिनच्या माथी मारले जाते. कमी अडथळ्याचा फूटव्हॉल्व्ह आणि पीव्हीसी पाइप लावा, डिझेल वाचेल, असे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना कित्येक वर्षे सांगत आली आहे.

एक वाईट खोड सोडली पाहिजे. पाणी कमी आले की गव्हर्नरची स्प्रिंग आवळायची. लिस्टर धर्तीचे जड चाकांचे इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्यांचे, तर पाच हॉर्सपॉवरचे छोटे इंजिन साधारण १५०० फेऱ्यांचे. फेरे दहा टक्क्यांनी वाढवले की पंपाचा बोजा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. डिझेल जळते, रिंगा झिजतात, आणि बिडाचे चाक फुटले तर माणूस जातो.

कोणी म्हणेल, हे सगळे मिस्त्रीचे काम, शेतकऱ्याने कशाला शिकायचे? मिस्त्रीशी माझे भांडण नाही. चांगला मिस्त्री याच क्रमाने जातो. पण हंगामात दहा गावांना एकच मिस्त्री असतो, आणि घाईत बदललेल्या सामानाचा खर्च शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसतो. बैल आजारी पडला तर आपण आधी तोंड, खूर, शेण बघतो, मग डॉक्टरकडे धावतो. इंजिनलाही तेवढी नजर द्यायला हरकत काय?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एक दिवस 'इंजिन तपासणी'चा ठेवावा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग असेल तर तिथले निदेशक आणि मुले बोलवावीत. गावातली सगळी इंजिने पारापाशी आणून चालवून बघावीत आणि प्रत्येक वस्तीवरचा एक तरुण तरी हा क्रम शिकून घ्यावा. त्याला फार पैसा लागत नाही. पाण्याची पाळी तोंडावर आल्यावर हँडल मारत बसण्यापेक्षा पोते आजच उचलावे आणि आधी टाकीचे झाकण बघावे.