किरकोळ आजाराचे भारी तत्त्वज्ञान

दिवाळी अंकात आजारपणावर एक तरी लेख असावा, असा आपल्याकडे अलिखित दंडक दिसतो. लेखकाला चार दिवस ताप येतो. तो अंथरुणावर पडून छताकडे पाहतो. आपली सारी धावपळ किती व्यर्थ होती याचा त्याला तेथे साक्षात्कार होतो. पाचव्या दिवशी मऊ भात आणि मेतकूट खाऊन तो उठतो आणि लिहावयास बसतो. लघुनिबंधाच्या ऐन बहरापासून ही वारी चालू आहे. मीही तिच्यातला वारकरी. असले दोन लेख माझ्या नावावर जमा आहेत, आणि त्यांतल्या एकाचे बरेच कौतुक झाले होते, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तेव्हा पुढच्या मजकुरात पहिला आरोपी मीच आहे.

माझे म्हणणे असे की, किरकोळ आजार माणसाला दृष्टी देतो हे आपण उगाच पसरवले आहे. ती दृष्टी रजा देते.

यंदा भाद्रपदात मला ताप आला. अंगात कणकण, घसा धरलेला, तोंडाला चव नाही. डॉक्टरांनी विषाणूंवर ठपका ठेवून विश्रांती सांगितली. कॉलेजात किरकोळ रजेचा अर्ज धाडून मी बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर पडलो आणि, खरे सांगतो, मनात तिसऱ्या लेखाची जुळवाजुळव करू लागलो. माणूस आडवा झाला की त्याला घर खालून दिसते. टेबलाच्या पोटाला सुताराने पेन्सिलीने केलेल्या खुणा, पंख्याच्या पात्यांवरची काजळी, दाराच्या खालच्या फटीतून सरकणारे ऊन. मजकूर झकास जमत होता.

सव्वानऊला कामाच्या बाई आल्या. अकरा वर्षे त्या आमच्याकडे येतात. मी साडेआठलाच बाहेर पडत असल्यामुळे अकरा वर्षांत त्यांना काम करताना मी धड पाहिलेच नव्हते. फरशी पुसताना त्या माझ्या कॉटशी आल्या आणि भिंतीला पाठ टेकून क्षणभर बसल्या. पदराने कपाळ पुसले. मी विचारले, "बाई, बरं नाही का?"

"अंग मोडून आलंय जरा. कालपास्नं ताप हाय. तुमी पडा काका. फरशी वाळंस्तवर पंखा लावू का?"

माझ्या उशाशी गोळ्यांचे पाकीट होते. त्यातली एक मी त्यांना दिली. ती त्यांनी उभ्याउभ्या घेतली आणि बादली उचलली. पुढे आणखी तीन घरे होती. माझा ताप त्यांना लागला की त्यांचा मला, देव जाणे. बहुधा विषाणू एकच होता. त्याने मला तत्त्वज्ञ केले आणि त्यांना नुसतेच दमवले. मग शहाणपण नेमके कोणाकडून येते? विषाणूकडून येत असते, तर बाईंकडे एव्हाना ग्रंथच तयार व्हावयास हवा होता.

या विषयाचे मोठे घराणे इंग्रजीत आहे. व्हर्जिनिया वुल्फने आजारपणावर निबंध लिहिला आणि 1926 साली टी. एस. एलियटच्या नियतकालिकात तो छापून आला. साहित्याने आजाराला मानाचे पान का वाढले नाही, असा तिचा सवाल. आणि आडवे पडल्यावर दिसणाऱ्या आकाशाविषयी त्यात सुंदर मजकूर आहे. वुल्फचे आजार माझ्यासारखे किरकोळ नव्हते, हे मी विसरत नाही. पण तिच्या घरी नेली बॉक्सल नावाची स्वयंपाकीण 1916 पासून 1934 पर्यंत होती. वुल्फच्या रोजनिशीत ती वारंवार येते, आणि पुष्कळदा येते ती तक्रारीचा विषय म्हणून. ढग न्याहाळणाऱ्या बाईसाठी खाली चूल पेटती ठेवणाऱ्या बाईला आजारपणात काय दिसले असेल, हे विचारावेसे मला पूर्वी कधी वाटले नाही.

कायद्यालाही हा लहानसा ताप फारसा मानवलेला नाही. आपल्याकडे 1948 साली कामगार राज्य विमा कायदा झाला. 1952 साली कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारी कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के भत्ता, ही फार मोठी गोष्ट. पण एखादे दुखणे नव्याने सुरू झाले, तर त्याचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळले होते. म्हणजे दोन दिवसांच्या तापाला काहीच नाही! आणि हे नोंदलेल्या कामगाराचे. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला. अपघात, बाळंतपण, अंत्यविधी यांचा विचार त्यात आहे. तापाने निजलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडू नये, अशी सोय त्यातही नाही. 2020 साली मात्र याच बायांच्या साध्या खोकल्याची आपण केवढी दखल घेतली! सोसायट्यांच्या फाटकांवर त्यांना अडवले. तो खोकला आपल्यापर्यंत पोहोचेल, या भीतीपोटी.

आपली भाषा तर याहून स्पष्टवक्ती आहे. मी आजारी पडून घरी राहतो त्याला ती 'रजा' म्हणते. बाई राहतात त्याला 'खाडा'. रजा घेतात, मागतात, मंजूर होते. खाडा नुसता पडतो, आणि पगारातून कापला जातो.

माझे एक टीकाकार मित्र म्हणतील, "म्हणजे आता लघुनिबंधकाराने मोर्चे काढावेत की काय?" मुळीच नाही. मी दयेचे बोलतच नाही. मी कारागिरीचे बोलतो आहे. आडवे पडल्यावर आयुष्य समग्र दिसले असे जो लिहितो आणि आपल्या कॉटखालून फिरणारा हात ज्याला दिसत नाही, त्याचे निरीक्षण कच्चे आहे. तो लेख लेख म्हणूनच फसला. माझे दोन्ही फसले होते. कौतुक झाले तो तर अधिकच.

असो. पुढे दोन दिवस बाई आल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिने नेहमीप्रमाणे त्या तारखांभोवती पेन्सिलीने गोल काढले. महिनाअखेर हिशेब करताना मी मोठ्या उदारपणे म्हटले, "या वेळचे खाडे धरू नकोस."

"नाही धरत," ही म्हणाली. "पण मार्चमधले चार धरले होते. तेव्हाही तिला तापच होता. आणि पाकीट तुम्हीच भरलं होतं."

मी कॅलेंडर उतरवून मार्चचे पान काढले. चारही गोल तेथे होते.