लांब शेंगेत दाणे किती?

तुमचं लेकरू एक ते शंभर घडाघडा म्हणतं. पाहुण्यांपुढे म्हणून दाखवतं, तुम्हालाही बरं वाटतं. आता एकदा सहज विचारा, "पाच जास्त की सात?" पुष्कळ पोरं गप्प होतात, नाहीतर कानावर शेवटी पडलेला आकडा सांगून मोकळी होतात. त्यात पोराची चूक नाही. त्याच्याकडून आपण आकडे म्हणवून घेतले, ताडून बघायला लावलं नाही.

त्यासाठी वही लागत नाही. वर्धा जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत घरोघरी तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या जातात. तेव्हा पोराला शेजारी बसवा. एक शेंग त्याच्या हातात, एक तुमच्या. सोलण्याआधी विचारा, कोणाच्या शेंगेत जास्त दाणे? त्याला सांगू द्या. मग सोला.

दाणे समोरासमोर मांडा, त्याच्या एका दाण्यापुढे तुमचा एक. ज्याचा दाणा जोडीविना उरला, त्याचे जास्त. किती जास्त? उरले तेवढे.

लांब शेंगेत कधी तीनच दाणे निघतात आणि आखूड शेंगेत चार. पोरगं चक्रावतं. चक्रावू द्या, लगेच समजावत बसू नका.

आता चार दाणे ऐसपैस पसरून एक ओळ करा. तिच्याखाली पाच दाणे चिकटून ठेवा. चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा लांब ओळीलाच जास्त म्हणतं. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनीही मुलांपुढे असेच खेळ मांडून पाहिले होते. या वयात डोळा लांबी बघतो. म्हणून हसू नका, "एवढंही कळत नाही का?" असं तर मुळीच म्हणू नका. पुन्हा जोड्या लावायला सांगा. महिन्याभराने परत विचारून बघा.

लहान भावंड जवळ रांगत असेल तर खेळ झाल्यावर दाणे आधी आवरा. लेकरं ते नाकात-कानात घालतात.

विसाच्या पुढे मात्र आपली मराठी पोरांना अडवते. 'एकोणतीस' म्हटलं की पोराच्या कानात 'तीस' वाजतं. मग ते एकोणतीस तिसाच्या पुढे नेऊन ठेवतं. 'तेवीस' ऐकताना तीन आधी येतो, म्हणून ते 32 लिहितं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मला विचाराल तर घरी दोन्ही बोला. "तेवीस, म्हणजे वीस आणि तीन." "एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी." बोलायला पैसे पडत नाहीत.

लहान-मोठ्याची चिन्हं शिकवायची घाई करू नका. मगरीचं तोंड मोठ्या आकड्याकडे, हे पोराला पाठ होतं. मोठा आकडा कोणता, ते मात्र राहून जातं.

हातांनी शिकणं आपल्या वर्ध्याला नवं नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी याच गावात शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीम मांडली. त्या शिक्षणात पोरांच्या हातात टकळी आली. काढलेलं सूत तारांनी मोजलं जाई. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्याच वाटेने चालते. तुमच्या घरी टकळी नसेल, पण शेंगा आहेत, वाट्या आहेत, पोळ्या आहेत. "बाबांनी किती पोळ्या खाल्ल्या? तू किती? कोणाची कमी?" रोज दहा मिनिटं पुरे. पोरगं कंटाळलं की उठू द्या.

सोलून झालं की दाण्यांच्या ओळी कमीपासून जास्तीकडे लावून घ्या. दोनाची, तिनाची, चाराची, पाचाची. एखादी पोचट शेंग निघाली तर फेकू नका. तिच्यात शून्य दाणे. तिला सगळ्यांच्या आधी ठेवा.